कोनाड्यातलं मॉस

शनिवार, १२ जुलै

आठ वर्षांनी दैनंदिनीला हात लावला. निवृत्त माणसाकडे लिहिण्यासारखं काही घडत नाही, असं मी बायकोला, उज्वलाला सांगायचो. ती म्हणायची, घडतं सगळं, तुमचं लक्ष नसतं. काल घडलं आणि माझं लक्षही होतं.

काल महेशकडे मळ्यात गेलो होतो. महेश माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. मखमलाबादच्या या मळ्यात वडिलांच्या काळी गुलाब, शेवंती, मेथी, कोथिंबीर असायची. आता निम्म्यात झेंडू आणि निम्म्यात महेशचं लग्नाचं लॉन. सायखेड्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हाच माझा हिस्सा मी भावाच्या नावे करून दिला. त्यामुळे मळ्यात माझा हक्क एवढाच, की गेल्यावर बसायला खुर्ची आणि चहा मिळतो.

महेशने मला बारवेपाशी नेलं. दिवाळी झाली की ती धुऊन काढणार म्हणाला. जोरात पाणी मारणारं मशीन येणार, मग चिऱ्यांच्या फटींत सिमेंट, वर रंगीत दिवे. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात, त्यांना स्वच्छ दगड हवा असतो. जूनमध्ये फोटोवाल्याच्या हाताखालची एक मुलगी पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. यात महेशचं चुकलं कुठे?

पण त्या बारवेत मी अख्ख्या शाळेच्या कविता पाठ केल्या आहेत. खालच्या पायरीवर बसून ओळ म्हटली की उत्तरेची भिंत ती परत म्हणायची, जरा ओलसर आवाजात. ती भिंत वरपासून पाण्यापर्यंत हिरवी आहे. आभाळ भरून आलं की तो हिरवा इतका गडद होतो, की हात लावला तर बोटांना रंग लागेल असं वाटतं. हे मी महेशला सांगत बसलो. तो वैतागला.

"तात्या, नुसतं हिरवं हिरवं करू नका. त्या भिंतीवर एक असं काही दाखवा जे दुसरीकडे कुठं नाही. दाखवलंत तर ती भिंत आहे तशी ठेवतो. पायऱ्या मात्र धुणारच."

मी मुदत विचारली. दिवाळीपर्यंत म्हणाला. हो म्हणून आलो खरा, पण त्या भिंतीवर काय काय आहे हे मला ठाऊक नाही. त्र्याहत्तर वर्षं मी त्या सगळ्याला शेवाळच म्हणत आलो.

बुधवार, १६ जुलै

साधनाला फोन केला. ही माझी सायखेड्याची विद्यार्थिनी, आता कळवणला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गुरुपौर्णिमेला तिचा फोन न चुकता येतो. आज पहिल्यांदा मी केला, तर घाबरलीच. सर, तब्येत बरी आहे ना?

तिने सांगितलेलं लिहून ठेवतो. शेवाळ वेगळं, मॉस वेगळं. शेवाळाला ना खोड ना पान, नुसता चिकट थर. मॉसला इवलं खोड आणि त्याच्याभोवती इवली पानं असतात. जुन्या पुस्तकांत मॉसला हरिता म्हणतात. काय गोड शब्द! एखाद्या मुलीचं नाव ठेवावं असा. हरितेच्या दोन चुलतबहिणी: एक यकृतका, ती बहुधा चपटी, जमिनीला चिकटून पसरणारी, दुसरी शृंगका, तीही चपटी, पण तिला बारीक हिरवी शिंगं फुटतात. भिंग घ्या म्हणाली, वीसपट मोठं दाखवणारं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि डोकं वस्तूपाशी न्यायचं, वस्तू डोक्यापाशी नाही.

वर्गात साधना तिसऱ्या बाकावर असायची. चौपन्न मुलं, पण माझ्या तासाला फक्त पंख्याचा आवाज. कविता म्हणायला लागली की सगळ्यांचा मिळून एकच गळा. एकही मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. आताच्या शाळांवरून जाताना नुसता कलकलाट ऐकू येतो.

बुधवार, २३ जुलै

भिंग मिळालं. सकाळी सात ते दहा बारवेत. उजवा डोळा भिंगाला आणि डावा घट्ट मिटलेला. पहिला अर्धा तास स्वतःच्या पापण्याच दिसल्या.

मग अचानक दिसलं. जो मला मळकट मखमलीचा तुकडा वाटत होता, ते जंगल होतं. लाल देठांवर तपकिरी टोप्या घातलेली फळं डुलत होती, एका टोपीवर पाण्याचा थेंब, आणि थेंबात सगळी बारव उलटी. मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. वरून साळूबाईने हाक मारली. ती महेशकडे झेंडू तोडायला येते, मूळची पेठकडची.

"गुरुजी, पडलं का काय?"

सापडलंय म्हटलं. काय ते बघायला ती खाली आली. भिंग डोळ्याला लावून म्हणाली, "लय बारीक हाय. याची भाजी व्हईल का नाय?"

जाताना तिला म्हटलं, झेंडूच्या वाफ्यातली ठिबकची नळी जरा सरळ टाकायची, मधे पोट आलंय. ती नळीकडे बघते, माझ्याकडे बघते. नळी सरळ हाय म्हणाली. कामातला नीटनेटकेपणा गेला आता. या वहीचंच बघा. रेघा छापताना कागद हलला असणार, प्रत्येक ओळ मधे उचललेली. दुकानदाराला दाखवली तर तोही म्हणतो सरळ आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

साधना आली होती. कळवणहून सकाळच्या बसने, पाठीवर पिशवी, पायात पावसाळी बूट. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर ओढणी सावरून उभी राहते.

दिवसभर पाऊस. तिने शिकवायचं आणि मी शिकायचं, पण तिची पंचाईत होत होती. एक वाक्य बोलली की थांबून माझ्याकडे बघायची, बरोबर आहे ना म्हणून. ओळखताना विचारायचे प्रश्न तिने लिहून दिले. खोड आहे का? पानं दोन रांगांत की चहूबाजूंनी? पानाला मधोमध शीर आहे का? या शिरेवर फार अवलंबून असतं म्हणाली. पिंपळाच्या पानाला असते तशी एकच उभी रेघ. काहींत टोकापर्यंत जाते, काहींत अर्ध्यात संपते, काहींत नसतेच.

संध्याकाळपर्यंत नऊ जाती झाल्या. पिसासारखी पानं असलेलं फिसिडेन्स, चंदेरी ब्रायम, पायरीच्या मातीत रिक्सियाच्या हिरव्या चकत्या. मी प्रत्येकाला आनंदाने आपलं मराठी नाव देत होतो: पिसुली, चांदवा, चकती. शेवटी विचारलं, यातलं दुसरीकडे कुठे नाही असं कोणतं? तिने वहीत बघितलं, मग पाण्यात. नाही सर, ही सगळी सगळीकडे असतात.

उत्तरेच्या भिंतीत वर एक कोनाडा आहे, पूर्वी तिथे पणती ठेवत. तिथवर जायला भिंतीतून बाहेर आलेले चार चिरे आहेत. पावसात तिला चढू दिलं नाही. तेवढाच बघायचा राहिला.

बसस्टँडवर तिला सोडताना मी माझ्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. काल बारवेत सुचलेल्या:

कुणाची न चाहूल ओल्या चिऱ्याला
तरी पोपटी झूल पाषाण ल्याला

छान आहे सर म्हणाली. सर्वांत आवडती जागा कोणती विचारलं तर म्हणाली, सगळंच.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. मळ्यात आता बैल नाहीत. महेशने ट्रॅक्टरला हार घातला. मला म्हणाला, काय तात्या, सापडलं का तुमचं? चेष्टेत नव्हता विचारत. मशीनवाल्याशी बोलणं झालंय. दिवाळीचा पाडवा झाला की पहिला सोमवार.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सापडलं.

सगळं क्रमाने, शांतपणे लिहितो. उघडीप होती. चारही चिरे चढून कोनाड्यापाशी गेलो. तिसऱ्या चिऱ्यावर पाय सटकला, भिंतीला पोटाने चिकटलो आणि तसाच राहिलो. खाली दोन पुरुष पाणी. उज्वलाला सांगणार नाही.

कोनाड्यात बोराएवढा एक झुपका. वाळलेला, पानं नळीसारखी आत वळलेली. वर पाणी शिंपडलं तर एकेक पान उलगडून पसरलं. जिभेच्या आकाराचं. भिंग लावलं. शीर नाही. पान फिरवलं, दुसरं घेतलं, तिसरं. मधोमध काही नाही, नुसता धुरकट हिरवा. भिंग स्पिरिटने पुसून पुन्हा पाहिलं. शीर नाहीच.

साधनाच्या यादीत जिभेच्या आकाराचं, भिंतीवरचं आणि शीर नसलेलं काहीच नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

चित्रं काढून साधनाला फोनवर पाठवली होती. सहा चित्रं, पेन्सिलीची, शाळेत फळ्यावर काढायचो तशी स्वच्छ. आज तिचा फोन.

"सर, मध्यशीर नक्की नाही?"

नाही म्हटलं. पुन्हा एकदा उन्हात धरून बघाल का म्हणाली. बघितलं म्हटलं. मग तिने विचारलं, तिथे आणखी कुणी आहे का, ज्यांना भिंगातून दाखवता येईल? मला हसू आलं. साळूबाईला दाखवू? तिला त्याची भाजी करायची आहे. साधनाही हसली, पण जरा उशिरा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

साधना आता चिमूटभर नमुना पाठवा म्हणते. कसा पाठवू? सगळा झुपका बोराएवढा. जगात असेल तर एवढाच असेल. तो खरवडायचा, आणि मग कशासाठी भिंत वाचवायची? तिला हे जरा कडक शब्दांत सांगितलं. फोटो पाठवले तर धूसर आले. माझ्या फोनला बारीक दिसत नाही.

तिसऱ्यांदा विचारलं तिने, नक्की का. तेव्हा मात्र मी म्हणालो, साधना, मी चौतीस वर्षांत वर्गात न तपासलेली गोष्ट सांगितली आहे का कधी?

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "नाही सर. तुम्ही म्हणताय तर असेल."

यादीत दहावं नाव घालते म्हणाली. नाव म्हणजे 'अनोळखी, मध्यशीर नसलेलं' असं. मी सांगितलं, तसं लिहून सही करून महेशसाठी पाठव.

फोन ठेवल्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जरा चिडचिडच झाली. हल्लीच्या शिकलेल्या माणसांना खात्रीचं वावडं असतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सोनं द्यायला महेशकडे गेलो आणि त्यासोबत साधनाचा कागद दिला. त्याने दोनदा वाचला. म्हणजे हे फक्त आपल्याकडे? साधनाच्या कागदात तसं नव्हतं, 'जिल्ह्यातील माझ्या माहितीत अन्यत्र नोंद नाही' असं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे.

"मग शब्द म्हणजे शब्द," महेश म्हणाला. "उत्तरेची भिंत तुमची."

डोळे भरून आले. मशीनवाल्याला त्याने माझ्यासमोर फोन केला, फक्त पायऱ्या म्हणून.

रविवार, १२ ऑक्टोबर

महेशने बारवेच्या कमानीवर बोर्ड लावला. हिरव्यावर पांढरी अक्षरं: 'जगात फक्त येथे! दुर्मीळ मॉस. प्रा. साधना यांच्या संशोधनानुसार.' वर फुलाचं चित्र, मॉसला फूल येत नसताना. लोक फोटो काढतात. 'जगात' कुणी म्हटलं विचारलं, तर म्हणाला, तात्या, जिल्ह्यात लिहिलं तर बाहेरचं कोण येणार? दोन जोडपी बोर्डासाठीच आली म्हणे.

घरी उज्वलाने विषयच काढला नाही मॉसचा. म्हणाली, आज सकाळी तुम्ही चहा बशीत ओतलात, बशीच्या बाहेर. परवा जिन्याची शेवटची पायरी चुकलात. वर्तमानपत्र तिरपं धरून वाचता. डोळे दाखवा. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ती म्हणाली, "नंबर वाढल्यावर माणूस चहा टेबलाला पाजत नाही." गुरुवारची वेळ तिने घेऊन टाकली आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, आवाज मऊ. एक कागद समोर धरला, चौकोनांची जाळी आणि मधे ठिपका. उजवा डोळा झाकायला सांगितलं. जाळी स्वच्छ. मग डावा झाकायला सांगितलं.

ठिपका नव्हता. मधे धुरकट डाग, आणि त्याच्या भोवतीच्या रेघा वाकलेल्या, जाळीवर कुणी दगड ठेवल्यासारख्या.

उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज आहे, खाली पाणी झिरपतंय. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, पहिलं आजच. गेलेलं सगळं परत येईल असं सांगू शकत नाही म्हणाल्या. कधीपासून रेघा वाकड्या दिसतात? मी म्हटलं, लक्षात नाही. उज्वला म्हणाली, जुलैपासून, वहीच्या दुकानदाराशी भांडण केलं तेव्हापासून.

इंजेक्शन दुखलं नाही. डावा डोळा उत्तम आहे म्हणाल्या. एका डोळ्याने पुष्कळ माणसं चांगली जगतात.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दोन दिवस उज्वलाने घरात बसवलं होतं. आज तिला न सांगता मळ्यात गेलो. सगळा रस्ता मनाला बजावत होतो, की नुसतं बघून येतो, इतकंच.

चार चिरे चढलो. झुपका वाळला होता. पाणी शिंपडलं. भिंग डाव्या डोळ्याला लावलं, सवय नाही, दोनदा पापणी आड आली.

शीर आहे. खालपासून टोकापर्यंत. जाड, तपकिरी, पेन्सिलीने दाबून ओढल्यासारखी. प्रत्येक पानाला आहे. आंधळ्यालाही दिसेल अशी.

खाली उतरून लॉनच्या कुंपणाच्या भिंतीपाशी गेलो. तिथेही तेच होतं, वीतभर पसरलेलं. नळाच्या चौथऱ्यावर होतं. गेटच्या खांबाच्या बुडाशी होतं. मी रोज त्यावरून पाय टाकून बारवेत जात होतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

कुणालाच ठाऊक नाही. हे पुन्हा पुन्हा मनात येतं म्हणून लिहून टाकतो.

महेशने शब्द दिला आहे, तो पाळणार. भिंत राहील. ती भिंत चुकीच्या कारणासाठी राहिली म्हणून तिच्यावरची नऊ जातींची हिरवळ काही खोटी होत नाही. मी गप्प बसायचं, बस्स. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. हे वाक्य सकाळपासून चार वेळा मनात घोळवलं. मुलांच्या निबंधात असतं तर त्याखाली लाल रेघ मारली असती.

दुपारी साधनाचा फोन. पुण्याचे एक मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी बोर्डाचा फोटो कुठेतरी पाहिला. पुढच्या रविवारी, सव्वीसला बघायला येतायत. तिच्याच विषयातले, तिच्या प्रबंधाचे परीक्षक होते. तिचा आवाज अगदी सपाट होता. मी म्हणालो, बरं.

कोनाड्यातून तो झुपका आधीच काढून टाकला तर? कुणीतरी खरवडला म्हणता येईल. हेही लिहून ठेवतो. हे माझ्या मनात आलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

उज्वलाने ओवाळलं. ओवाळताना विचारलं, काय झालंय? सांगितलं सगळं. ती म्हणाली, हे आधी त्या पोरीला सांगायचं होतं, मग मला.

साधनाला फोन लावला. मध्यशीर आहे म्हणालो. डोळ्याचंही सांगितलं.

"हो सर."

"हो म्हणजे?"

"मला वाटलंच होतं. पहिल्या चित्रापासून. जिभेसारखं पान, वाळलं की नळी, आणि भिंत. ते हायोफिला आहे सर. आपल्याकडे जुन्या भिंतींवर तेच असतं. आमच्या कॉलेजच्या संडासामागे पण आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा विचारलं ना सर, नक्की का म्हणून."

"विचारणं वेगळं आणि सांगणं वेगळं."

मला राग आला होता, खरंच आला होता, की माझी सही मागण्याची घाई हिने थांबवायला हवी होती. मी म्हटलं, अगं, तू प्राध्यापक, मी विद्यार्थी. सांगायचं!

"तुम्हाला कसं सांगणार, सर?"

तिने ते तक्रारीने म्हटलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो असं म्हणावं तसं म्हटलं. मग म्हणाली, नववीत तुम्ही फळ्यावर एका कवितेच्या ओळीत शब्द चुकीचा लिहिला होता. सगळ्यांच्या पुस्तकात वेगळा होता. आम्ही चौपन्न जणांनी तो फळ्यावरचा पाठ केला. परीक्षेत तोच लिहिला. तुम्ही तपासताना बरोबर दिलात.

कोणती ओळ, हे मी विचारलं नाही.

तो पंख्याचा आवाज मला आयुष्यभर गोड वाटत आला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल भाऊबीज, महेश बहिणीकडे होता. आज सकाळी लॉनवर गाठला. खुर्च्या मोजून घेत होता. मी बसलो नाही. उभ्याने सांगितलं: डोळा, शीर, गेटचा खांब, सगळं.

तो आधी माझ्या डोळ्याकडे बघत राहिला. इंजेक्शनला कोण गेलं होतं बरोबर, मला का नाही बोलावलं? मग हळूहळू बाकीचं डोक्यात शिरलं.

"तात्या, नसतं सांगितलं तर मला जन्मात कळलं नसतं."

"माहीत आहे."

"मग राहू द्या ना. त्या पुण्याच्या माणसाला येऊ नका म्हणा. बोर्डाने काय कुणाचं वाईट होतंय?"

"साधनाचं नाव आहे त्यावर."

"नाव काढतो."

"उरलेलं कुणाच्या नावावर ठेवशील? माझ्या?"

तो खुर्चीवर बसला, मी उभाच. मग म्हणाला, बोर्ड काढला तर भिंत ठेवून त्याचा काय उपयोग? पायऱ्या धुवायच्या, दिवे लावायचे आणि मधे एक हिरवी-काळी भिंत सोडायची? गिऱ्हाईक हेच विचारणार. "आणि ठरलं होतं ते ठरलं होतं, तात्या. तुम्हीच हो म्हणालात."

म्हणालो होतो. आजही म्हणालो. हो. ते एक अक्षर तोंडातून निघायला किती वेळ लागला, ते त्याने पाहिलं. तो उठला, काही बोलणार होता, पण तेवढ्यात मांडववाल्याचा फोन आला आणि तो बोलत बोलत लांब गेला.

सोमवारी मशीन. सगळी बारव.

रविवार, २६ ऑक्टोबर

पुण्याच्या सरांना साधनाने स्वतः कळवलं. काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, नमुना न बघता सही केलीस, हे विसरू नकोस म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

ती आज तरीही आली. उद्या धुणार तर आज जे उचलता येईल ते उचलू, म्हणाली. वर्तमानपत्राच्या घड्या घालून पुड्या करायच्या, प्रत्येकीवर जागा, तारीख आणि नाव. सुकवून कॉलेजात ठेवणार. आमच्या आधी महेशने बोर्ड काढला होता. स्क्रूची चार भोकं कमानीत तशीच. मशीन काल संध्याकाळीच आलंय, झेंडूच्या कडेला ताडपत्रीखाली उभं आहे. साळूबाई त्याला वळसा घालून जाते.

मी डाव्या डोळ्याने बघायचं आणि नाव सांगून पुडीवर लिहायचं, साधनाने चाकूच्या टोकाने उचलायचं. पिसुली, चांदवा, पाणी झिरपतं तिथलं फिलोनोटिस. दुपारपर्यंत चौदा पुड्या. ऑगस्टमध्ये नऊच जाती होत्या. भिंत मला आत्ता कुठे वाचता येऊ लागली होती, एकेक ओळ सुटी करून. जे वाचत होतो ते पाठोपाठ पुडीत जात होतं.

पाण्यालगत, दोन चिऱ्यांच्या फटीत, काही पिवळट हिरवं चमकत होतं. आत अंधार आणि त्यात तेवढाच उजेड. मी वाकून पाहिलं. थर चपटा, पातळ, ओला.

"शेवाळ आहे," म्हटलं. "सोड ते. तरी पुडी कर एक." आणि पुडीवर लिहिलंही.

"नाही सर."

ती गुडघ्यावर बसली होती, फटीत हात घातलेला, माझ्याकडे पाठ. मी सवयीने म्हणालो, पुन्हा बघ.

"बघितलं. तुम्ही चुकताय. शेवाळ नाही, यकृतका आहे ही. सायथोडियम."

वरच्या पायरीवर महेश केव्हापासून उभा होता, कळलं नाही. दोन-तीन पायऱ्या उतरला.

"हे तरी दुसरीकडे नाही ना?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात मला आशा ऐकू आली. शपथेवर सांगतो, होती. आणि माझ्या जिभेवर काय आलं, तेही मला माहीत आहे. मी साधनाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"असतं," ती म्हणाली. "अंधाऱ्या विहिरींत असतं. त्र्यंबककडे आहे, पेठ रस्त्याला आहे."

महेश वळून पायऱ्या चढला. सकाळी सातला सुरू करतो म्हणाला, आणि गेला.

मी तिच्याशेजारी दगडावर बसलो. विचारलं, कशावरून? तिने भिंग दिलं. डावा डोळा, सर, म्हणाली. कडा बघा, एकेक फाटा दोन-दोनांत वाटला गेलाय. शेवाळ असं फाटत नाही. दिसतंय? मी म्हटलं, नाही. तिने माझं डोकं धरलं, चक्क धरलं, आणि बोटभर डावीकडे वळवलं. आता? आता दिसलं.

पुडीवरचं 'शेवाळ' खोडलं. तिला स्पेलिंगसारखं एकेक अक्षर विचारत नवं नाव लिहिलं. ओळ वर चढत गेली असणार, कारण तिने पुडी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, हे वाकडं आलंय सर, दुसरी करा.

दुसरी केली.